घर मिळेपर्यंतचे घर

बेंगळुरू शहराच्या पूर्वेस कृष्णराजपुरम नावाची मोठी वस्ती आहे. लोक तिला थोडक्यात के. आर. पुरम म्हणतात. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बेंगळुरूचे नाव मराठी माणसाला सतराव्या शतकापासून परिचित आहे, के. आर. पुरम मात्र आजच्या धावत्या शहराचा भाग आहे. जुना मद्रास रस्ता आणि शहराभोवती फिरणारा वळणरस्ता येथे एकमेकांना मिळतात. रेल्वेच्या रुळांवरून तारांनी तोललेला मोठा पूल जातो. मार्च २०२३ पासून येथून व्हाइटफील्डकडे मेट्रोही धावू लागली. दूरदूरच्या गावांहून माणसे नोकरीसाठी येतात, भाड्याच्या घरात बिऱ्हाड मांडतात आणि बदली झाली की ते आवरून निघून जातात.

माणसांच्या या ये-जा करण्यात काही जीव मागे राहतात. हौसेने आणलेले कुत्रे नव्या घरमालकाला चालत नाही, म्हणून ते रस्त्यावर येते. मांजरीची पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या कोपऱ्यात ठेवली जातात. वाहनाखाली सापडलेले पिल्लू दुभाजकाजवळ कण्हत पडते. माणूस आपले घर आपण शोधतो. पाळीव जनावराला मात्र ते कोणीतरी द्यावे लागते. अशा जीवांना वाचवून पुन्हा घर मिळवून देणाऱ्या लोकांना प्राणी बचाव गट असे म्हणतात. या गटांचे काम कसे चालते आणि त्यात सामान्य माणसाचा वाटा कोणता, हे या पाठात समजून घ्यायचे आहे.

जुनी भावना, नवी व्यवस्था

मुक्या प्राण्यांविषयीची कणव आपल्याकडे नवी नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले आणि संत एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतील गंगाजल पाजले, या कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितल्या जातात. परंतु एका व्यक्तीच्या मनातील दया आणि शहराची गरज यांत मोठे अंतर असते. ते भरून काढण्यासाठी संस्था लागतात. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली आणि पुढे परळ येथे प्राण्यांचे मोठे रुग्णालय उभे राहिले. पुण्यात रेस्क्यू ही संस्था २००७ पासून जखमी प्राण्यांसाठी काम करीत आहे. बेंगळुरूमध्ये क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज महिलेने १९९१ साली क्युपा ही संस्था सुरू केली. त्यापूर्वी जयपूर येथे त्यांनी अशीच एक संस्था उभारली होती. बेंगळुरूला त्या आल्या तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. सेवेला वयाची अट नसते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

अशा नोंदणीकृत संस्थांच्या जोडीला आज शहराच्या वेगवेगळ्या भागांत रहिवाशांचे छोटे गटही काम करतात. त्यांच्याकडे बहुधा स्वतःची इमारत नसते. काही दूरध्वनी क्रमांक, एक-दोन पशुवैद्यांची मदत आणि वेळ देणारी माणसे एवढेच त्यांचे भांडवल असते.

एका जिवाचा प्रवास

समजा, के. आर. पुरमच्या बाजाराजवळ तीन महिन्यांचे पिल्लू पाय मोडलेल्या अवस्थेत सापडले. एक भाजीवाली गटाला कळवते. ज्याच्याकडे रिक्षा आहे तो स्वयंसेवक जाड चादर घेऊन तेथे पोहोचतो. वेदनेने व्याकूळ झालेले जनावर अतिशय गरीब असले तरी चावू शकते, म्हणून तो त्याच्या तोंडाजवळ हात नेत नाही. चादरीत गुंडाळून, मोडलेला पाय न हलवता त्याला पशुवैद्याकडे नेतो. तेथे पायाला आधार देऊन पट्टी बांधली जाते आणि औषधे ठरतात. येथवरचे काम काही तासांचे असते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. पाय बरा होण्यास काही आठवडे लागणार. तोपर्यंत हे पिल्लू ठेवायचे कोठे?

रस्त्यावर परत सोडणे शक्य नसते. प्राण्यांचे निवारागृह हा एक मार्ग असतो. पण बहुतेक निवारागृहे भरलेली असतात आणि लहान पिल्लांसाठी तेथे आणखी एक धोका असतो. आईच्या दुधातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगातून हळूहळू ओसरते आणि लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत ते बऱ्याच अंशी उघडे पडते. याच काळात पार्व्हो आणि डिस्टेंपर यांसारखे रोग त्याला गाठतात. पार्व्होचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर आणि कापडांवर कित्येक महिने टिकू शकतो. जेथे रोज नवी जनावरे येतात, तेथे कितीही स्वच्छता राखली तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही.

दुसरे कारण मनाशी निगडित आहे. कुत्र्याचे पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे असताना आपल्या भोवतीचे जग ओळखू लागते. माणसाचा हात, कुकरची शिट्टी, लहान मुलांचा गलका, दारावरची घंटा या गोष्टी त्याला याच वयात परिचयाच्या झाल्या, तर पुढे त्यांची भीती वाटत नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला हे शिक्षण मिळत नाही. म्हणून अशा पिल्लाला निवाऱ्यापेक्षा घर अधिक मानवते, मग ते घर दोन खोल्यांचे का असेना.

तात्पुरते पालकत्व

कायमचे घर मिळेपर्यंत एखाद्या प्राण्याला आपल्या घरी ठेवून त्याची काळजी घेणे म्हणजे तात्पुरते पालकत्व होय. व्यवहारात यासाठी ‘फोस्टर’ हा शब्द रूढ आहे. दत्तक घेणे आणि फोस्टर करणे यांत मूलभूत फरक आहे. दत्तक घेणारा प्राण्याची आयुष्यभराची जबाबदारी स्वीकारतो. तात्पुरता पालक काही दिवसांची किंवा आठवड्यांची जबाबदारी स्वीकारतो. प्राणी त्याच्याकडे विश्वासाने सोपवलेल्या ठेवीसारखा असतो. ठेव जपायची असते आणि वेळ आली की परतही करायची असते.

चांगला गट प्राणी सोपवण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट करतो. औषधोपचाराचा खर्च कोण करणार, अन्न कोण पुरवणार, रात्री प्रकृती बिघडल्यास कोणाला कळवायचे आणि मुदत किती, हे लिहून ठेवले जाते. पालकानेही काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. घरातील सर्वांची संमती आहे का? घरमालकाला कल्पना दिली आहे का? घरात आधीपासून प्राणी असल्यास त्याचे लसीकरण झाले आहे का? नव्या प्राण्याला पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत किंवा निदान वेगळ्या कोपऱ्यात ठेवता येईल का? रोगाचा प्रसार टाळण्यासाठी असे वेगळे ठेवण्याला विलगीकरण म्हणतात.

या प्रश्नांपैकी एखाद्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तसे सांगणे हाही सेवेचाच भाग आहे. भावनेच्या भरात दहा जनावरे घरात घेणारा मनुष्य दयाळू असतो. पण थोड्याच दिवसांत त्याचे घर, त्याचा पैसा आणि त्याची झोप अपुरी पडते. मग त्या दहांपैकी एकाचीही नीट काळजी घेतली जात नाही. आपली झेप ओळखून एकच जीव नीट सांभाळणारा पालक गटाला अधिक मोलाचा वाटतो.

ज्याला घरी प्राणी ठेवता येत नाही, त्याच्यासाठीही पुष्कळ कामे असतात. रिक्षाचालक जखमी प्राण्याला दवाखान्यात पोहोचवू शकतो. गृहिणी जुन्या साड्यांची अंथरुणे शिवून देऊ शकते. कोणी पिंजरे धुतो, कोणी औषधांचा हिशेब ठेवतो, कोणी रविवारी कुत्र्यांना फिरवून आणतो. या कामांना मोठ्या पदव्या लागत नाहीत. ठरलेल्या वेळी येण्याची सवय मात्र लागते. उत्साहाने पहिल्या रविवारी येऊन नंतर न फिरकणाऱ्या दहा जणांपेक्षा दर रविवारी न चुकता येणारा एक स्वयंसेवक अधिक उपयोगी ठरतो.

नोंदवहीचे महत्त्व

आपले पाय मोडलेले पिल्लू आता एका कुटुंबात आले आहे, असे समजू या. सोलापूरकडून आलेले हे कुटुंब के. आर. पुरममध्ये दोन खोल्यांत राहते. वडील कारखान्यात जातात, आई शिवणकाम करते, मुलगा शाळेत जातो आणि आजी घरी असते. गटाने त्यांना औषधांबरोबर एक वही दिली आहे. पिल्लू किती वाजता जेवले, किती पाणी प्यायले, शौच कसे झाले, कोणते औषध केव्हा दिले आणि पट्टीखालची बोटे कशी दिसतात, हे तीत रोज लिहायचे आहे.

पहिले चार दिवस सर्व नोंदी सारख्याच होत्या. पाचव्या सकाळी आईला पट्टीबाहेर दिसणारी बोटे फुगलेली आणि हाताला गार लागली. आदल्या दिवशीच्या रकान्यात ‘बोटे ठीक’ असे लिहिले होते. त्या दोन नोंदींमधील फरक पाहून तिने गटाला तातडीने कळवले. पट्टी घट्ट झाल्याने रक्तप्रवाह अडू लागला होता. पशुवैद्याने ती त्याच दिवशी सोडून नव्याने बांधली. आणखी दोन दिवस गेले असते, तर पाय गमवावा लागला असता. केवळ ‘आज बरे दिसत नाही’ असे वाटणे आणि कालच्या व आजच्या स्थितीतील फरक नेमका सांगता येणे यांत किती अंतर आहे, हे या प्रसंगावरून कळते.

मांजरीच्या अनाथ पिल्लांच्या बाबतीत तर नोंदवही हाच आधार असतो. जन्मतः मांजरीच्या पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते आणि पुढे ते रोज १० ते १५ ग्रॅमने वाढते. पिल्लू आजारी आहे हे डोळ्यांना दिसण्याआधी ते वजनाच्या काट्यावर दिसते. म्हणून त्याचे वजन रोज ठरावीक वेळी करून लिहितात. एका दिवसात वजन वाढले नाही तर लक्ष ठेवावे. ते घटले तर पशुवैद्याकडे जावे. अगदी लहान पिल्लांना दर दोन-तीन तासांनी दूध द्यावे लागते आणि तेही पिल्लांसाठी मिळणारे खास दूध. गाईच्या दुधाने त्यांना जुलाब होऊ शकतात. त्यांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, म्हणून प्रथम ऊब आणि मग दूध हा क्रम पाळतात. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजणे धोक्याचे असते.

घरातील काही साध्या वस्तूही प्राण्यांना बाधतात. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला देऊ नयेत. माणसाला ताप आल्यावर दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी प्राणघातक ठरते. ‘आपल्याला चालते, मग त्याला का नाही?’ हा विचार कितीही प्रेमळ असला, तरी तो घातक आहे.

खबरदारी आणि कायदा

सेवा करताना स्वतःच्या जिवाची काळजी घेणे अत्यावश्यक आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर हा रोग जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र चावा घेतल्यानंतर लगेच योग्य उपचार केल्यास तो टाळता येतो. चावलेली किंवा ओरखडलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, चुना किंवा तिखट जखमेवर लावू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. ज्यांचा प्राण्यांशी नेहमी संबंध येतो, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच प्रतिबंधक लस घेणे हिताचे असते.

कोणाला वाचवायचे, इतकेच कोणाला उचलायचे नाही हेही शिकावे लागते. मांजर अन्न शोधण्यासाठी पिल्लांना काही तास सोडून जाते. अशी पिल्ले अनाथ समजून उचलली तर आई-पिल्लांची ताटातूट होते. म्हणून प्रथम दुरून वाट पाहावी. आपल्या गल्लीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या निरोगी कुत्र्यालाही घराची नव्हे, तर निर्बीजीकरणाची आणि लसीची गरज असते.

प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. पाळीव प्राण्याला उपाशी-तहानेला मरण्यासाठी सोडून देणे हा त्या कायद्यानुसार गुन्हा आहे. सर्व सजीवांविषयी करुणा बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. रस्त्यावरील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासंबंधीचे नियम २००१ मध्ये आले आणि त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयात महत्त्वाचे आदेश दिले. २२ ऑगस्टच्या आदेशाने निर्बीजीकरण व लसीकरण झालेल्या कुत्र्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत कायम ठेवली. रेबीज झालेल्या अथवा आक्रमक कुत्र्यांना मात्र तीतून वगळले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. कुत्र्यांची भीती वाटणाऱ्या माणसाची चिंता आणि कुत्र्याचे जगणे, या दोहोंचा विचार करावा लागतो, हेच या आदेशांमागील वादातून दिसून आले. स्वयंसेवकाने पालिकेच्या पशुसंवर्धन विभागाकडून चालू नियम समजून घ्यावेत आणि शेजाऱ्यांशी वाद घालण्याऐवजी संवाद साधावा.

निरोप

आठ आठवड्यांनी पिल्लाचा पाय बरा होतो. लसी दिल्या जातात आणि गट त्याच्यासाठी कायमचे घर शोधतो. इच्छुक कुटुंबाला अनेक प्रश्न विचारले जातात, त्यांचे घर पाहिले जाते, योग्य वयात निर्बीजीकरण करून घेण्याचे वचन घेतले जाते. कोणत्याही कारणाने प्राणी सांभाळता आला नाही, तर तो रस्त्यावर न सोडता गटाकडे परत द्यावा, अशी अटही असते. या वेळी तात्पुरत्या पालकाचे शब्द फार उपयोगी पडतात. पिल्लू कशाला घाबरते, रात्री कोठे झोपते, मुलांशी कसे वागते, हे त्यालाच ठाऊक असते. आपल्या कथेतील पिल्लू सोलापूरच्या कुटुंबात ‘ये’ म्हटले की धावत येई. आता ते कन्नड बोलणाऱ्या घरी निघाले आहे. तेथे त्याला ‘बा’ अशी हाक ऐकू येईल. म्हणून आईने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, ‘याला ये हा शब्द समजतो. बा शिकवताना हातात पोळीचा तुकडा धरावा.’

येथेच या कामातील सर्वांत अवघड क्षण येतो. ज्याला आठ आठवडे हाताने भरवले, त्याला दुसऱ्याच्या हाती द्यायचे असते. काही पालकांना हे जमत नाही आणि ते त्या प्राण्याला स्वतःच ठेवून घेतात. त्यात गैर काहीच नाही. त्या प्राण्याला घर मिळते. परंतु त्याच वेळी गटाजवळचे एक तात्पुरते घर कमी होते. साधा हिशेब करून पाहता येईल. एका प्राण्यासाठी आठ आठवडे आणि दोन प्राण्यांमध्ये स्वच्छतेसाठी एक आठवडा धरला, तर एक कुटुंब वर्षभरात पाच जीवांना घरापर्यंत पोहोचवू शकते. पहिल्यालाच ठेवून घेतले आणि दुसऱ्यासाठी जागा उरली नाही, तर हा आकडा एकावर थांबतो. म्हणून निरोप देणे म्हणजे माया कमी असणे नव्हे. जो अजून सापडलेलाही नाही, अशा पुढच्या जिवासाठी जागा मोकळी ठेवणे हाही मायेचाच प्रकार आहे.

पिल्लू नव्या कुटुंबाच्या गाडीत बसून गेले तेव्हा मुलगा दारात उभा राहून रडू लागला. आजीने त्याला गप्प केले नाही. ती म्हणाली, “रड बाळा. पण रडून झालं की त्याची वाटी घासून ठेव. उद्या कुणी आलं तर लागेल.”

मुलाने वाटी घासली, उन्हात वाळवली आणि फळीवर पालथी ठेवली. आईने गरम साबणाच्या पाण्यात चादर भिजवली, फरशी ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसून काढली आणि वहीत नवे पान उघडून त्यावर फक्त रकाने आखून ठेवले.